मालक बदलल्यास

खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग पाऊस. आता अक्षरं पुन्हा नीट दिसायला लागली आहेत, आणि एक गोष्ट बरीच वर्षं लिहायची राहून गेली आहे. घरचे काही जण वाचतील तेव्हा म्हणतील, हे कशाला उकरलंस? पण परवा पुतणीचा पुण्याहून फोन आला आणि तिने विषय काढलाच.

"काकू, आमची कंपनी विकली गेली."

तिने हे "आज लाईट गेली" इतक्या सहज सांगितलं. माझ्या मात्र पोटात गोळा आला. आमच्या घरात हे वाक्य याआधी एकदा बोललं गेलं होतं, २००७ साली. बोलणारे होते तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर.

भावजी १९८३ पासून तारापूर एमआयडीसीत एका रंग बनवणाऱ्या कारखान्यात होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. बोईसर स्टेशनवर उतरून एमआयडीसीच्या रस्त्याला लागलं की जो उग्र वास नाकात शिरतो, त्यात त्या कारखान्याचाही वाटा होता एवढं पुरे. लग्न झाल्यावर काही वर्षं आम्ही सगळे पालघरला एकाच घरात होतो. भावजींचे कपडे वेगळे भिजवायचे हा आमच्या घरचा नियम, कारण त्यांच्या बनियनमधून कधी पिवळा, कधी जांभळा रंग उतरायचा. एकदा ह्यांचा पांढरा सदरा चुकून त्याच बादलीत गेला आणि गुलाबी झाला. हे तो सदरा घालून शाळेत गेले होते. असो.

२००५ च्या जानेवारीत कारखान्यात नवं सेटलमेंट झालं. युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात तीन-चार वर्षांनी पगारवाढीचा जो करार होतो, तो. करार इंग्रजीत टाईप केलेला, बारा पानी. गेटवर लावायला मराठी प्रत हवी होती. युनियनमध्ये कोणीतरी म्हणालं, वहिनी मराठीच्या बाई आहेत ना? भावजी एका रविवारी कागद घेऊन आले.

मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन, मराठी माध्यमातून. इंग्रजी माझं बेताचंच. शब्दकोश घेऊन बसले. पगार, महागाई भत्ता, कॅन्टीन, बूट, साबण ही कलमं सोपी होती. अकराव्या पानावर एक कलम होतं: 'अंडरटेकिंग'चं 'ट्रान्सफर' झाल्यास प्रत्येक परमनंट कामगाराला पूर्ण झालेल्या दर वर्षामागे एक महिन्याचा पगार, पंचेचाळीस दिवसांच्या आत. अंडरटेकिंग म्हणजे मला ठाऊक होतं ते हमीपत्र. कोशात 'उपक्रम' असाही अर्थ मिळाला. 'उपक्रमाचे हस्तांतरण झाल्यास' असं लिहून पाहिलं आणि मलाच हसू आलं. शिफ्ट सुटून सायकलवर टांग मारणाऱ्या माणसाला हे काय कळणार? आयुष्यभर मुलांना सांगत आले होते की बोजड लिहू नका. मी ते खोडलं आणि लिहिलं: 'कंपनीचा मालक बदलल्यास'.

दुरुस्ती केल्याचा आनंदही झाला होता, हे कबूल करते.

ती प्रत माझ्याच अक्षरात झेरॉक्स होऊन गेटवर लागली. भावजी कौतुकाने सांगायचे, "वहिनी, पहिल्यांदाच सगळ्यांनी करार वाचला." त्या करारात फक्त परमनंट कामगार होते. ठेकेदाराच्या माणसांचा त्यात उल्लेखच नव्हता, आणि तेव्हा मला ते खटकलंही नाही.

२००७ मध्ये मालकांच्या घरात वाटण्या झाल्या आणि सगळं विकलं गेलं. नवे साहेब आले, फाटकावर नवी पाटी लागली, कामगारांच्या शर्टाचा रंग बदलला. आता मालक बदलला हे सांगायला वकील कशाला हवा? भावजींनी हिशेब केला. चोवीस वर्षं भरली होती, पगार नऊ हजार. दोन लाख सोळा हजार. पास्थळच्या बाजूला एक छोटा प्लॉट ते वर्षभर बघत होते. त्यांनी चाळीस हजार रुपये विसार देऊन टाकला. बाकीचे तीन महिन्यांत.

पंचेचाळीस दिवस गेले, काही आलं नाही. युनियनने पत्र दिलं. व्यवस्थापनाचं उत्तर एका पानाचं होतं आणि अगदी शांत भाषेत: कारखान्याचे कोणतेही हस्तांतरण झालेले नाही. कंपनीच्या भागधारकांनी आपले शेअर दुसऱ्या भागधारकांना विकले आहेत. कंपनी तीच आहे, कारखान्याचा परवाना तोच, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक तोच. कामगारांच्या नोकरीत एक दिवसाचाही खंड पडलेला नाही. सबब कलम लागू होत नाही.

गेटवर संतापाची लाट आली. मराठी कागदावर तर स्पष्ट लिहिलं होतं. तो कागद पुढे केला तेव्हा त्यांनी इंग्रजी कराराच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. भाषांतरात फरक पडल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. ती ओळ मीच भाषांतरित केली होती.

मग खेपा सुरू झाल्या. तेव्हा आपला पालघर जिल्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. डहाणूपर्यंत लोकलही नव्हती, ती २०१३ मध्ये आली. ठाण्याला जायचं म्हणजे शटल, मग विरार, मग दादर, आणि संध्याकाळी हात हलवत परत. दोनदा मीही गेले. चूक माझ्या शब्दाची होती, तेव्हा घरात बसवेना.

युनियनच्या वकिलांशी मी बोलले. साठीचे गृहस्थ, मराठी उत्तम. मी म्हटलं, अहो, मालक बदलला म्हणजे कंपनी बदललीच ना? ते म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेची संस्था आहे ना? संचालक मंडळ बदललं तेव्हा तुम्हाला नवं नेमणूकपत्र दिलं का?" नव्हतं दिलं. दोनदा मंडळ बदललं, माझी सेवाज्येष्ठता होती तिथेच राहिली. "तसंच हे. कंपनी हीच कायद्याला दिसणारी मालक. शेअर ज्यांच्याकडे आहेत ती माणसं बदलली तरी तुमच्या दिरांचा मालक कालचाच. कंपनीने आपला कारखाना उचलून दुसऱ्या कंपनीला दिला असता, तर ते हस्तांतरण." एवढ्या सोप्या शब्दांत दोन वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं तर!

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी चकित झाले. माझं माहेर पंढरपूरचं. कुर्डुवाडीहून पंढरपूरला येणारी ती अडीच फुटी रुळांवरची गाडी माझ्या लहानपणाचा भाग आहे. वारीच्या दिवसांत माणसं टपावर बसायची. ती बार्शी लाईट रेल्वे. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली, इंग्रज कंपनीची. सरकारशी त्यांचा करार १८९५ चा. सरकारने १९५२ च्या डिसेंबरात नोटीस दिली आणि १ जानेवारी १९५४ पासून गाडी विकत घेतली. मी जिच्यातून फिरले ती सरकारचीच होती, पण आम्ही आणि आमच्या आधीचे सगळे तिला 'बार्शी लाईट'च म्हणत राहिलो. हमालापासून स्टेशनमास्तरपर्यंत माणसंही बहुतेक तीच.

याच गाडीवरून कामगारांचा एक खटला सुप्रीम कोर्टात गेला होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर ठाण्यात एका टेबलापाशी बसून कळलं! कंपनीने नोव्हेंबर १९५३ मध्ये कामगारांना कळवलं की ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपते, सरकार इच्छुकांना कामावर घेईल. बहुतेकांना घेतलंही. सुमारे ७७ टक्के पूर्वीच्याच वेतनश्रेणीवर, उरलेले थोड्या कमी श्रेणीवर. वीस-पंचवीस जणांनीच नकार दिला. कामगारांचं म्हणणं, कंपनीने आम्हाला काढलं ना? मग छाटणीची भरपाई द्या, कायद्यात आहे. मुंबई हायकोर्टाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. सुप्रीम कोर्टाने २७ नोव्हेंबर १९५६ ला तो निकाल फिरवला. छाटणी म्हणजे चालू धंद्यातून जास्तीची माणसं कमी करणं. धंदाच खऱ्या अर्थाने बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला तर ती छाटणी नव्हे.

त्यावर देशभर ओरड झाली असणार, कारण १९५७ च्या एप्रिलमध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५ एफएफ अनेक वर्षं ज्या रूपात चाललं ते तेव्हाचं. उपक्रम दुसऱ्याच्या हाती गेला तर वर्षभर तरी सलग नोकरी झालेल्या कामगाराला छाटणी झाल्यासारखीच नोटीस आणि भरपाई, म्हणजे दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. मात्र नोकरीत खंड नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट नाहीत आणि पुढे छाटणी झालीच तर नवा मालक जुनी वर्षं धरून भरपाई देणार, या तिन्ही गोष्टी असतील तर ही भरपाई नाही. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही हीच तरतूद जवळजवळ तशीच आली आहे.

वकिलांनी शेवटी एक तारीख सांगितली ती मी विसरले नाही. दुरुस्ती मागच्या तारखेपासून लागू केली, आणि ती तारीख होती २८ नोव्हेंबर १९५६. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून! म्हणजे ज्यांच्यामुळे कायदा बदलला त्या बार्शी लाईटच्या माणसांना त्यातलं काहीच नाही. मी तिथे बसल्या बसल्या लहानपणीचे ते खाकीतले गार्ड आठवत होते. त्यांच्यातल्या कोणी अर्ज केला होता का कोण जाणे.

पुढे १९६२ मध्ये आंध्रातल्या अनकापल्लीच्या साखर कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या कोर्टाने आणखी एक गोष्ट पक्की केली. जुन्या मालकाकडून भरपाईही घ्यायची आणि नव्या मालकाकडे जुनी नोकरी चालू असल्याचा हक्कही सांगायचा, असं दोन्हीकडून मिळणार नाही. हे ऐकून मला जरा राग आला होता. नंतर विचार करता पटलं, निदान अर्धं तरी.

उलट बाजूचा एक निकाल नंतर, २०११ मध्ये आला. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधला फिलिप्सचा टीव्ही कारखाना व्हिडिओकॉनच्या एका कंपनीकडे गेला होता. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कामगाराच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या मालकाकडे काम करायला लावता येत नाही. तो गेला नाही तर त्याला भरपाई मिळाली पाहिजे. माणूस यंत्रसामग्रीच्या यादीत मोडत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. पण तिथे कारखाना गेला होता. आमच्याकडे गेले होते ते शेअर.

आमच्या वकिलांचं मत असं पडलं की लढता येईल, मराठी कागद व्यवस्थापनानेच गेटवर लावू दिला हा मुद्दा आहे, पण दहा वर्षं धरून चाला. युनियनमध्ये दोन तट पडले. २००९ मध्ये तडजोड झाली, प्रत्येकी पंचवीस हजार आणि 'या विषयावर यापुढे काहीही मागणी नाही' अशी सही. भावजींनी सही केली. प्लॉटचा विसार तोवर बुडाला होता. चाळीस गेले, पंचवीस आले.

इतक्या वर्षांत भावजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. जाऊबाई मात्र एकदा बोलल्या, गौरी-गणपतीत, सगळ्यांसमोर. "पेपर तपासताना आम्हाला चुका दाखवायच्या…" एवढंच म्हणाल्या आणि वाक्य पुरं केलं नाही. मी पुरणाचं पातेलं उचलून आत गेले. त्यांचं काय चुकलं? त्या पुढची अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहिल्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भावजी २०१४ मध्ये रिटायर झाले तेव्हा ग्रॅच्युइटी पूर्ण एकतीस वर्षांची मिळाली. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून अठरा हजार दोनशे. त्याला सव्वीसने भागायचं, पंधराने गुणायचं, मग वर्षांनी. तीन लाख पंचवीस हजार पाचशे. जुन्या मालकाकडची चोवीस आणि नव्याकडची सात असं कोणी वेगळं धरलं नाही, कारण कंपनी एकच होती. २००७ मध्ये ज्या युक्तिवादाने त्यांचे पैसे नाकारले, तोच युक्तिवाद इथे त्यांच्या बाजूने उभा राहिला. चेक दाखवायला आले तेव्हा म्हणाले, "बघा वहिनी, मालक बदललाच नव्हता." आणि हसले. मला हसता आलं नाही.

भावजी जाऊन आता चार वर्षं होतील.

तर पुतणीचा फोन. तिची सॉफ्टवेअर कंपनी एका अमेरिकन कंपनीने घेतली. नेमणुकीच्या वेळी दिलेलं पत्र तिने मला वाचून दाखवलं. त्यात 'चेंज ऑफ कंट्रोल' नावाचं कलम आहे. गंमत म्हणजे कंट्रोल बदलला म्हणजे काय, हे तिथे अर्धं पान खर्चून सांगितलं आहे: निम्म्याहून जास्त शेअर एकाच्या हाती गेले तर, कंपनी दुसरीत विलीन झाली तर, सगळी मालमत्ता विकली गेली तर. आमच्या कलमात जे नव्हतं ते सगळं इथे ओळीने मांडलेलं.

ती खूश होती. तिला मिळायचे राहिलेले शेअर आता एकदम मिळणार, असं तिच्या ऑफिसात सगळे म्हणत होते. मी म्हटलं, पुढचं वाच. पुढे 'आणि' होतं. कंट्रोल बदलला *आणि* त्यानंतर बारा महिन्यांच्या आत तिला सबळ कारणाशिवाय कामावरून काढलं, तर. म्हणजे दाराला दोन कुलपं, एक किल्ली तिच्या हातात नाहीच. नव्या साहेबाशी पटत नाही म्हणून ती पुढच्या महिन्यात स्वतःच राजीनामा द्यायच्या विचारात होती. त्या एका 'आणि'मुळे तिचं किती गेलं असतं हे तिने सांगितलं नाही, पण फोनवर बराच वेळ गप्प होती.

मग तिनेच ट्विटरची गोष्ट सांगितली. मस्कने २७ ऑक्टोबर २०२२ ला कंपनी ताब्यात घेतली आणि त्याच दिवशी पराग अग्रवाल वगैरे वरच्या अधिकाऱ्यांना काढलं. आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेला मुलगा तो. त्यांच्या करारातही असंच कलम होतं. मस्कचं म्हणणं, सबळ कारण होतं, पैसे नाहीत. त्या चौघांनी मार्च २०२४ मध्ये सुमारे १२ कोटी ८० लाख डॉलरचा दावा लावला, आणि तो २०२५ च्या ऑक्टोबरात तडजोडीने मिटला. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसांच्या, एवढ्या महागड्या वकिलांनी लिहिलेल्या करारातही शेवटी भांडण उरलं ते 'कारण' या एका शब्दाचं. मला तेवढंच बरं वाटलं, हे काही चांगलं नाही.

"काकू, तू मला याचं मराठी करून दे ना, म्हणजे नीट कळेल," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. तिला वाटलं डोळ्यांमुळे. तिला सांगितलं, पत्र आहे तसं, इंग्रजीतच, एकही शब्द न बदलता पुण्यातल्या चांगल्या नोकरीविषयक वकिलाकडे ने, आणि तो सांगेपर्यंत राजीनाम्याचा मेल लिहूही नकोस. मला वाचायला पाठव, पण मी फक्त वाचीन.

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "बाबांच्या फायलीत तुझ्या अक्षरातला एक कागद आहे. गेटवरचा. तो तूच लिहिला होतास ना?"

मला वाटत होतं तिला ठाऊक नाही. तेव्हा ती शाळेत होती.

हो म्हटलं.

"अक्षर किती सुंदर आहे गं," ती म्हणाली, आणि लगेच, "पत्राचे फोटो पाठवलेत, आले का?"

पाहिलं तर चार पानं आली होती. पाचवं, व्याख्यांचं, आलंच नव्हतं. परत पाठव म्हटलं.